बर्फावरच्या खोपटाचा मालक

— बसा हो, त्या पालथ्या बादलीवर बसा, आणि पाय सांभाळा, मासे धरायला बर्फात पाडलेल्या या भोकाखाली अख्खं तळं आहे. कॉफी घ्या. नको? घ्या. अहो, घ्या — हां, आता कसं! मिनेसोटात तिसऱ्या आग्रहाशिवाय कोणी कपाला हात लावत नाही, तुम्हीही इकडचेच दिसता. तर काय सांगत होतो — दिवाळं. गावात कुणाकडे बोलायचं नाही अशी शपथ घातलीय मार्लिसनं, म्हणजे माझ्या बायकोनं. पण तुम्ही कुठे गावातले?

लोकांना वाटतं, दिवाळं काढलं तरी सरकारचा कर सुटत नाही, तो मेल्यावरच सुटतो. मलाही तसंच वाटायचं. पण वकीलबाई म्हणाल्या, उत्पन्नावरचा कर सुटू शकतो, फक्त जुना हवा — रिटर्न भरायची मुदत उलटून तीन वर्षं झालेली हवीत, आणि उशिरा का होईना, रिटर्न भरून दोन वर्षं तरी झालेली हवीत. आणखी एकदोन अटी आहेत, त्या बाईंना पाठ आहेत. थोडक्यात काय, हा हेरिंग मासा बरणीत मुरवतात ना, तसा कर मुरावा लागतो. माझा मुरलाय! विहिरी खणायचा धंदा माझा — पैसा यायचा तो यंत्राच्या हप्त्यात जायचा, सरकारला म्हणायचो पुढच्या वर्षी बघू. गेल्या वर्षीचा कर ताजा आहे, तो राहील मानगुटीवर. पण बाकीचा डोंगर? मंगळवारी अर्ज करतोय. किती वर्षांनी झोप लागेल हो मला.

अट एकच मोठी — लपवाछपवी नको. कर चुकवायला काही दडवलं असेल तर सुटका नाही, वर कोर्टाचा बडगा. बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, नातेवाइकांच्या नावावर काही केलंय का? मी म्हटलं, छे! आता छे म्हणजे — हेरिंग घ्या ना — हे खोपटं तेवढं कर्टच्या नावावर आहे, माझ्या मेव्हण्याच्या. नुसतं कागदावर हो! बांधलं मी, हे बाक मी रंधले, शेगडी मी बसवली. कर्टला तर बर्फावर धड उभंही राहता येत नाही. मार्लिस म्हणाली, नको करूस असं, माझ्या भावाला मी ओळखते. मी म्हटलं, उगाच संशय घेऊ नकोस, किती भोळा आहे तो.

काय? दारावर माझं नाव? वाचलंत होय! अहो, कायदाच आहे, तळ्यावर खोपटं ठेवायचं तर बाहेर मालकाचं नाव रंगवावं लागतं. कर्टचंच रंगवायला बसलो होतो — ब्रश हातात घेतला, आणि हात वळेना. माझं खोपटं आणि वर त्याचं नाव? शेवटी माझंच टाकलं, शेजारी एक मासाही काढला. चांगला जमलाय ना?

पण तुम्ही मघापासून टेपनं मोजताय काय? शेगडी सोबत येते का? कुणासोबत? — दाखवा बघू तो कागद. हं. सही कर्टचीच आहे. शनिवारी विकलं त्यानं? आणि ओढून न्यायला तुमचा ट्रक बाहेर उभा आहे?

थांबा, थांबा, असं कसं नेता — हे खोपटं माझं...

म्हणजे — माझं म्हटलं, तर मंगळवारी त्या बाई... आणि माझं नाही म्हटलं, तर...

कर्टचंच आहे. होतं. आता तुमचं झालं. मी आपला पाहुणा. शेगडीची चावी अडकते, हळू फिरवा. बाकांना तेल लावत जा. आणि ते नाव खरवडून टाका. मासा राहू द्या, वाटलं तर. — नको, कॉफी नको मला. — नको म्हटलं ना.

— बरं. अर्धाच कप.