वरून बोलावणं

हॅलो?… हो, मीच… कोण, भाऊजी? तुझा नवरा ना? आहे की. इथेच आहे. बाथरूममध्ये… अंघोळ कसली करतायत! कोंडलंय मी त्यांना. बाहेरून कडी घातलीय.

…हॅलो? अगं किंचाळू नकोस, कान फुटतील माझे… हो, शुद्धीवर आहेत. चांगले दार बडवतायत, ऐकू येतंय ना? …ए, गप बसा आत!… तुला नाही गं, त्यांना म्हटलं.

रक्त? आलंय थोडं. कपाळातून… पान्यानं. आमच्या ह्यांचाच पाना, तो मोठा, लिफ्टचे बोल्ट खोलायचा. एक खांद्यावर बसला, एक कपाळावर… चुकून? छे! नेम धरून मारला. तिसराही घालणार होते, पण ते मागे सरकत सरकत स्वतःच बाथरूममध्ये शिरले. माझं काम सोपं झालं.

वेड लागलंय मला? लागू दे… हो, हो… अगं ऐक ना! मी मोठी जाऊ आहे ना तुझी? मग दोन मिनिटं तोंड बंद ठेव आणि ऐक. तुझ्या नवऱ्यानं माझ्या ठकीला थोबाडीत मारली. सहा वर्षांच्या पोरीला! मी आत इस्त्री करत होते. जिन्याकडून आवाज आला म्हणून धावले, तर भाऊजी तिला दंडाला धरून गदागदा हलवतायत. गालावर पाचही बोटं उठलेली. मानेवर हा एवढा लांब ओरखडा. आणि वर ओरडतायत, 'मेलाय तुझा बाप! वर कोणी नाही, कळलं? काही नाही वर!'… हो, अस्संच. अख्खा मजला दारात येऊन उभा राहिला.

…नाही विचारलं मी का मारलं ते. काय विचारायचं? पोरीला घरात ओढलं, ते मागोमाग आत आले, आणि पाना हाताशी होता.

तुला ती 'वर'ची गोष्ट ठाऊक नाही?… अगं, ह्यांच्या शेवटच्या महिन्यात. घरात येणारा प्रत्येक जण दाराशी कुजबुजायचा, आता वर जायची वेळ आली म्हणून. पोरीला ऐकू जातं ना! तिनं सरळ जाऊन ह्यांनाच विचारलं, बाबा, वर म्हणजे कुठे? तर हे म्हणाले, अगं, वरून बोलावणं आलंय. वरची लिफ्ट बंद पडलीय. म्हाताऱ्याकोताऱ्यांना जिना चढावा लागतो बिचाऱ्यांना, मला जावंच लागणार… हो ना. पोट दोन्ही हातांनी दाबून धरून सांगत होते. जन्मभर लिफ्टदुरुस्तीचं बोलावणं आलं की ताटावरून उठून जायचे. तिला पटलं.

ते गेल्यावर ती गोष्ट मी चालू ठेवली. शाळेतून आली की रोज एक. बाबा वर पोचले. बाबांनी मोटर उघडली, आत कबुतराचं घरटं निघालं. बाबांना तिथे भूक लागते, दोन-दोनदा जेवतात, पोट अजिबात दुखत नाही… तिच्यासाठी? तिच्यासाठी कसलं गं, माझ्यासाठी! तेवढी दहा मिनिटं ते शेवटचे पंधरा दिवस माझ्या डोळ्यांपुढून हटतात. तू नव्हतीस तेव्हा खोलीत. माणूस उशी चावायचा. दातांनी फाडली गं उशी, कापूस निघाला तोंडातून. त्या कॅन्सरला हातपाय असते ना, तर ह्याच पान्यानं एकेक हाड मोडलं असतं मी त्याचं. ते जमलं नाही. आणि आता तुझा नवरा येऊन माझ्या पोरीला सांगणार, वर काही नाही!

…त्यांचाही सख्खा भाऊ होता, मान्य. मग आपटा म्हणावं स्वतःच्या घरी डोकं.

काय?… आत्ता मेसेज आला तुला? त्यांचा? आतून? खिशात फोन आहे होय त्यांच्या… मग? काय रडगाणं लिहिलंय?… कुठलं दार?

लिफ्टचं?… छे, काहीतरीच. दुपारची लिफ्ट खाली तळमजल्यावर असते. आणि ती समोर आल्याशिवाय दार उघडतच नाही मुळी. उघडायचं तर मेकॅनिकची किल्ली लागते, ती तिकोनी…

…

किल्ली तिच्याच गळ्यात असते. मीच दिली, बाबांची आठवण म्हणून… हो. पुढे सांग… एक पाय आत?… वाकून वर बघत होती… वर… आणि लिफ्ट हलेना म्हणून भाऊजी जिना चढून आले तेव्हा… मागून कॉलरला धरून ओढली.

म्हणजे तो ओरखडा…

पाच मजले आहेत गं खाली. पाच.

…नाही, मला कुठे ऐकू आलं! ते आतून ओरडत होते, मला वाटलं शिव्या देतायत. तुझा फोन येईपर्यंत रेडिओ लावून ठेवला होता मी मोठ्यानं.

तिच्या डोक्यात कुठून आलं ते?… नको विचारूस… नको ना… माझ्यामुळे. कालची गोष्ट. रोज रोज काय रचायचं, सुचेना मला. म्हणून म्हटलं, बाबांनी लिफ्ट दुरुस्त केली. आता ती थेट आपल्या मजल्यापर्यंत येते. दार तेवढं आपण उघडायचं.

…हो, काढते कडी. फोन ठेवू नकोस हं, तू राहा… भाऊजी. अहो भाऊजी, उठू नका, घेरी येईल. हा टॉवेल धरा. दाबून धरा… रडतायत गं नुसते. माझे पाय धरायला बघतायत, वेडा माणूस, पाय मी धरायला हवेत… हो, नेते डॉक्टरकडे. टाके पडतील दोन-तीन. नेते, पण आधी हिला…

ठके! इकडे ये. ती किल्ली काढ गळ्यातली. काढ म्हणते ना! दे… हं. आता माझ्याकडे बघ. बाबा वर नाहीत… नाही. लिफ्ट नाही, म्हातारी माणसं नाहीत, कबुतराचं घरटं पण नाही. बाबांनी एक गोष्ट सांगितली आणि मी ती वाढवत गेले. बाबा मेले, ठके. काका म्हणाले ते खरं आहे… हो. हो, खोटारडी आहे मी.

…हॅलो? नाही, काही पडलं नाही. ती मारतेय… मला. बुक्क्या घालतेय, पोटात… लागतंय तर! एवढीशी आहे, पण हात बापाचा आहे… भाऊजी, धरू नका तिला. सोडा म्हणते ना! मारू दे… मार, ठके. मार. मी कुठे जात नाही…

ठेवते गं.