बॉनेटवरचं तळं

बाळासो : असं लांबनं नको. इकडं ये, उन्हात उभारून बघ. दिसतंय का? सगळ्या बॉनेटभर ठिपकं!

शहजाद : दिसत्यात.

बाळासो : काल संध्याकाळी तुझ्याकडनं धुऊन, पॉलिश मारून नेली. आज सकाळी ऊन चढल्यावर ही अवस्था. तिसऱ्यांदा, शहजाद! तिसऱ्यांदा!

शहजाद : बाळासो, हे माझं काम न्हाय. गाडी सोडायच्या आधी मी वाकून तिरक्या नजरेनं बघतो. बोटाचा ठसा दिसला तरी परत फडकं मारतो.

बाळासो : मग काय आभाळातनं पडलं? तुझ्या बोअरचं पाणी खारं हाय. वाळलं की डाग धरतंय.

शहजाद : बोअरचं पाणी मी चाकांस्नी बी मारत न्हाय.

नजीरा : बाळासो, हा चहा घे आधी. माझ्या पोरावर ओरडून घसा सुकला असंल.

बाळासो : चहा ऱ्हाऊ दे, चाची. परवा कागलला भाचीचं लग्न हाय. नवरी ह्या गाडीतनं जाणार. वर्षाराणी म्हणाली, मामा, गाडीत माझं तोंड दिसलं पायजे. आणि ही काळीभोर गाडी बघा, देवी आल्यागत झालीया!

नजीरा : बारा वर्षं तुझी गाडी हितंच येती. कधी तक्रार हुती का?

बाळासो : म्हणून तर जास्त राग आला. सकाळी तालमीच्या ग्रुपवर टाकलं मी. शहजादचा हात गेला, गाड्या दुसरीकडं धुवा म्हणून.

शहजाद : ग्रुपवर टाकलंस?

बाळासो : टाकलं.

शहजाद : तरीच! सकाळपास्नं एक गाडी आली न्हाय. मी अम्मीला इचारलं, आज काय सण हाय का म्हणून.

नजीरा : मी क्यालेंडर बघून आले.

शहजाद : गाडी दुसरीकडं ने, बाळासो, मी काय म्हणणार न्हाय. पर हात गेला म्हणालास, ते लई लागलं बघ.

बाळासो : आता… मग मी काय समजू? तूच सांग की.

शहजाद : थांब, नख लावून बघतो. हा पाण्याचा डाग न्हवं. पाण्याचा डाग गोल असतो, कडंनं पांढरा. हे चिकटलंय. खसखशीपेक्षा बारीक दाणं हायत.

बाळासो : दाणं?

नजीरा : आणि सगळं वरच्या अंगालाच. दारांवर एक न्हाय.

शहजाद : गाडी कुठं लावतोस?

बाळासो : घरामागं, तळ्याच्या काठाला. मोकळी जागा हाय. हाड्! ह्या चतुराचं काय चाललंय? मघापास्नं बॉनेटवरच घिरट्या घालतोय.

नजीरा : मारशील बघ!

बाळासो : मारत न्हाय, हुसकावतोय.

शहजाद : हात खाली घे. गप उभा ऱ्हा. बघ, शेपूट टेकवलं. परत टेकवलं.

बाळासो : टेकवंना का. तळ्यावर बी असंच करत्यात. टिपटिप पाण्यावर शेपूट मारत जात्यात.

शहजाद : कशाला?

बाळासो : कशाला म्हंजे? अंडी घालायला. एवढं बी म्हाईत… आरं तिच्या!

नजीरा : फिरव बोट तिथं. आत्ता टेकवलं तिथंच.

बाळासो : चिकट लागतंय की! हा चतुर न्हवं, चतुराची बायको हाय!

शहजाद : तिला पाणी वाटलं, बाळासो.

बाळासो : पत्रा? पाणी? खुळी हाय का काय!

शहजाद : अम्मी, एक घमेलं भरून दे गं. बॉनेटशेजारी ठेवून बघू या.

नजीरा : घे. काठोकाठ भरलंय.

बाळासो : चालली… घमेल्यावर आली… पुढं गेली! परत बॉनेटवर! खऱ्या पाण्याकडं ढुंकून बघितलं न्हाय!

नजीरा : शहजाद, हसतोस काय?

शहजाद : मग काय करू, अम्मी? पाण्यात जन्मलेली ती. तिला बी माझं पॉलिश पाण्यापेक्षा खरं वाटलं.

बाळासो : नाद खुळा, भावा!

नजीरा : ते आम्हाला नको, ग्रुपवर सांग.

बाळासो : सांगतो की. घाबरतो काय?

(फोन तोंडाशी धरतो.)

बाळासो : ऐका रं सगळी. सकाळी बोललो ते साफ चूक. शहजादचा हात गेला न्हाय. असलं पॉलिश मारतोय की चतुरबाईनं तळं समजून माझ्या बॉनेटवर अंडी घातली. दात काढू नका, डोळ्यानं बघितलंय. गाड्या हितंच आणा. आणि सगळ्यांसमोर म्हणतो, शहजाद, चुकलं माझं.

शहजाद : बरं, बरं. बंद कर ते. चहा घे.

नजीरा : निवला तो. दुसरा ठेवते.

शहजाद : ठिपकं मी हळूहळू काढतो. लग्नापतोर गाडी शेडमध्ये ऱ्हाऊ दे. नवरी तोंड बघंल.

बाळासो : शहजाद, पंधरा दिवस झालं, गाडी रोज तळ्याकाठी लावतोय मी.

शहजाद : मग?

बाळासो : ह्या अंड्यांचं काय झालं असंल?

शहजाद : उन्हात तापलेला पत्रा. काय हुणार?

बाळासो : आणि पाण्यात पडली असती तर?

शहजाद : पिल्लं झाली असती.

बाळासो : शेजारी एवढं तळं भरलेलं. आणि पंधरा दिवस सगळं माझ्या गाडीवर.

नजीरा : जीवाला लावून घेऊ नकोस. तुला काय म्हाईत हुतं?

बाळासो : चाची, एखादं गोणपाट हाय का? लग्न झालं की झाकूनच लावतो गाडी.

शहजाद : गोणपाटानं ओरखडं उठतील, बाळासो!

बाळासो : उठू देत.

नजीरा : ती बघ, परत आली.

बाळासो : ए!

शहजाद : ओरडू नकोस तिच्यावर.

बाळासो : न्हाय ओरडत. अगं बाई… हितं नको. तळं तिकडं हाय, माझ्या घरामागं.