शेऱ्याचा रकाना

मॅनेजर : घाई नाही, मास्तर. नीट वाचा, मग सही करा. एकच पान आहे.

मास्तर : वाचलं. दोनदा वाचलं. यात लिहिलंय, त्या लिफ्टचा शेरा माझ्या प्रोग्रॅमने साठवलाच नाही. आणि हा दोष मला माहीत होता, तरी मी कंपनीला सांगितलं नाही.

मॅनेजर : बरोबर.

मास्तर : बाई, हे धादांत खोटं आहे.

मॅनेजर : खोटं कशाला म्हणता? सव्वीस वर्षांची सिस्टीम. इतक्या जुन्या गोष्टीत काय काय बिघडलेलं असेल, कोण सांगणार?

मास्तर : मी सांगतो. मीच लिहिली ती. काळा पडदा, हिरवी अक्षरं, दिसायला अगदी कुरूप. पण मेकॅनिक दुरुस्तीला निघाला की त्या लिफ्टचा कागद छापून त्याच्या हातात पडायचा, आणि तळाला शेरा असायचा. ‘कुत्रं चावतं.’ ‘चावी वॉचमनच्या बायकोकडे.’ या लिफ्टचा शेरा तर मला तोंडपाठ आहे. लंबू मेकॅनिकने सांगितला, मी टाइप केला. ‘ब्रेक ढिला. मालक बदलू देत नाही. रिकामी केबिन आपोआप वर सरकते. केबिनच्या छतावर उभं राहू नये.’

मॅनेजर : नवा मेकॅनिक छतावरच उभा होता.

मास्तर : मग काय करणार तो? तुम्ही दिलेल्या फोनवर त्या लिफ्टपुढे हिरवी खूण. सगळं आलबेल. चढला बिचारा. शेरा कुठे गेला, ते सांगा ना.

मॅनेजर : नव्या सिस्टीममध्ये शेऱ्याचा रकानाच नाही. चाळीस हजार शेरे होते, मास्तर, आणि एकाचं शुद्धलेखन धड असेल तर शपथ. ‘कुत्रं चावतं’ याला डेटा म्हणत नाहीत. सगळं निवडायला तीन महिने लागले असते. आमच्या हातात तीन आठवडे होते.

मास्तर : जुना कॉम्प्युटर उघडा. शेरा निघतो की नाही बघा. दूध का दूध, पानी का पानी.

मॅनेजर : तो सोमवारी भंगारात दिला.

मास्तर : माणूस शनिवारी गेला.

मॅनेजर : भंगारवाल्याची तारीख आधीच ठरली होती.

मास्तर : असेल. ठरली असेल. पण माझं पत्र कुठे जाईल? रिटायर झाल्यावरसुद्धा लिहिलं होतं मी, शेरे सोडू नका, कोणीतरी जिवानिशी जाईल. प्रत कपाटात आहे. उद्या चौकशीवाल्यांच्या टेबलावर ठेवतो.

मॅनेजर : जरूर ठेवा. फक्त ते कोणाच्या नावाने लिहिलंय, तेवढं एकदा बघून घ्या.

मास्तर : माझ्या मुलीच्या. डेटा हलवायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून.

मॅनेजर : म्हणजे तिला माहीत होतं. लेखी माहीत होतं. तरी तिने रकाना सोडला.

मास्तर : तुम्ही सांगितलंत म्हणून सोडला! त्या दिवशी घरी येऊन जेवली नव्हती ती.

मॅनेजर : मी सांगितल्याचा कागद आहे?

मास्तर : तोंडी सांगितलंत.

मॅनेजर : मग नाही सांगितलं. हे बघा, चूक एक तर जुन्या प्रोग्रॅमची, नाहीतर डेटा हलवणाऱ्याची. तिसरं काही चौकशीत निघणार नाही, याची काळजी वकील घेतायत. पहिल्या ठिकाणी एक्काहत्तर वर्षांचे तुम्ही आहात. तुम्हाला कोणी आत टाकत नाही. दुसऱ्या ठिकाणी कोण आहे, ते तुम्हीच आत्ता सांगितलंत.

मास्तर : ती कुठंय?

मॅनेजर : खाली गाडीत. वर यायला तयार नाही.

मास्तर : बोलवा. तिच्यासमोर काय ते बोलू. हा कागद तिला दाखवण्याची तरी हिंमत आहे का तुमची?

मॅनेजर : बोलावते.

(मुलगी येऊन दारातच उभी राहते. पर्स खांद्यावरून काढत नाही.)

मास्तर : आत ये, बाळ. बस. अगं, घाबरतेस कशाला? आपण पत्र दाखवू. तू सांग, मला हुकूम होता. मी सांगतो, शेरा होता. लंबू येईल साक्षीला.

मुलगी : लंबूकाका येणार नाहीत. असा शेरा कधी सांगितलाच नाही, असं त्यांनी काल लिहून दिलंय.

मास्तर : लंबूने?

मॅनेजर : रिटायर व्हायला चार महिने राहिलेत त्यांचे.

मास्तर : बरं. राहू दे त्याला. आपण दोघं पुरे आहोत.

मुलगी : बाबा, सही करा.

मास्तर : तू वाचलायस का हा कागद?

मुलगी : मीच लिहिलाय.

मास्तर : तू?

मुलगी : मॅडमना तुमच्या प्रोग्रॅममधलं काय कळतंय? कुठला दोष दाखवला तर लोकांना पटेल, ते मलाच माहीत होतं.

मास्तर : मीच शिकवलं तुला ते. मांडीवर बसवून.

मुलगी : हो.

मास्तर : त्या माणसाच्या बायकोला जन्मभर वाटेल, की एका म्हाताऱ्याने कामात कुचराई केली म्हणून आपला नवरा चिरडला. तुला चालेल?

मुलगी : तिला कोणाचं तरी नाव लागणारच आहे, बाबा. माझं सांगू?

मास्तर : असं नाही गं म्हणत मी.

मुलगी : मी सात वर्षांची असताना हॉस्पिटलात होते. आठ दिवस. तुम्ही एकदाच आलात, कारण प्रोग्रॅम बंद पडला होता. आई त्याला सवत म्हणायची. हसत म्हणायची, म्हणून तुम्हाला गंमत वाटायची. आयुष्यभर त्याचीच बाजू घेतलीत. आज एकदा माझी घ्या.

मास्तर : तुझी आई असती तर...

मुलगी : तर तिने पेन आणून दिलं असतं.

मॅनेजर : हे घ्या, माझं वापरा. इथे खाली. आणि इथे. तारीख नका घालू, ती आम्ही घालतो.

मास्तर : ‘सेवा-कर्मचारी’ एवढंच लिहिलंय इथे. त्या मेकॅनिकचं नाव कुठेच नाही. नाव काय त्याचं?

मॅनेजर : नवीन होता हो. महिनासुद्धा झाला नव्हता. तुला माहीत आहे का गं?

मुलगी : थांबा, फोनवर बघून सांगते.