गुबगुबीत अक्षरातला जिना

...अहो, जाड असायला माझी हरकत नाही, गोल असायलाही नाही, तिरकं तर तिरकं! पण तिन्ही एकाच अक्षरात? आणि तेही बातमीच्या मथळ्याला? तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं वार्ताहर आहे मी, धमक्या पचवल्या, कोर्टाच्या नोटिसा पचवल्या, पण हा नवा टाइप... संपादकांनी हौसेनं आणलेला! कुठे म्हणून एक कोपरा नाही हो, काना म्हणजे लोड, वेलांटी म्हणजे सशाचा कान, आणि सगळी ओळ अशी कलंडलेली, जशी पोटभर जेवून आरामखुर्चीत रेललीय. गुबगुबीत, गोल आणि वर तिरकं!

आता माझी बातमी काय? शाळेचा जिना! तीन आठवडे घासले त्यावर. भेगेत माझी पेन्सिल अर्धी आत जाते, रोज तीनशे पोरं चढतात-उतरतात, आणि सरकारी इमारत-तपासनीस साहेबांनी 'जिना उत्तम' असं लिहून दिलंय... शाळेत पाऊलही न टाकता! मी मथळा दिला, 'शाळेचा जिना कोसळण्याच्या बेतात'. उपसंपादक म्हणतो, "काका, मावत नाही. या टाइपात ओळीला सात-आठच अक्षरं बसतात." मग बारीक कर! "बारीक नसतोच तो." आणि पठ्ठ्यानं छापलं काय? 'जिना डुलतोय!' वर डिझायनर बाई खूश, "बघा ना सर, अक्षरंही डुलतायत!"

सकाळी बायकोला विचारलं, वाचलीस? "कुठाय?" अगं पहिल्या पानावर, एवढी मोठी! "ती होय? मला वाटलं आइस्क्रीमची जाहिरात, पान उलटलं." सख्खी बायको! ऑफिसात फोन खणखणतोय, धावत उचलला, म्हटलं पालक खवळले... तर एक आजीबाई, "ते 'जिना डुलतोय', बालनाट्य ना? तिकिटं कुठे मिळतील?" पुढचा फोन खुद्द तपासनिसांचा, "छान छापलंत हो! आमच्या मुलीनं कापून कपाटावर चिकटवलं." आतली बातमी वाचलीच नाही त्यांनी, आणि पोरं? पोरं त्याच जिन्यावर!

तडक संपादकांच्या खोलीत शिरलो. साहेब, उद्या पुन्हा छापा, जुन्या टाइपात, ताठ उभ्या. "अहो, जुना टाइप वाचकांना रागीट वाटतो." मग राग आलाच आहे ना, साहेब! "नवा कसा, जवळचा वाटतो..." जवळचा! गुबगुबीत, गोल आणि वर तिरकं!

शेवटी खोक्याचा पुठ्ठा फाडला, मार्करनं लिहिलं, 'हा जिना कोसळणार आहे. मुलांना चढू देऊ नका.' माझं अक्षर म्हणजे काटेरी तार, पण वाचता येतं! पुठ्ठा शाळेच्या फाटकाला बांधला, शेजारी उभा राहिलो. एक आई थांबली, मग दहा, मग रस्ताच अडला. "कोण म्हणतं?" मी म्हणतो, या, पेन्सिल घालून बघा! एकीनं घातली, तर ती आतच गेली, बाहेर आलीच नाही... दुपारी जिन्याला कुलूप, पोरं खालच्या मजल्यावर, संध्याकाळी तपासनीस निलंबित!

संपादकांनी मिठी मारली हो मला! "पाहिलीत नव्या टाइपची ताकद? एका दिवसात यंत्रणा हलली! आता आतला मजकूरही त्यातच."

तेव्हापासून माझी बातमी छापून आली, की मी एक पुठ्ठा घेऊन निघतो... ती लोकांना सांगायला.