डिकी लावून गेलेला चोर

— नाही हो दादा, हरवली म्हणजे तशी हरवली नाही. कुठे आहे ते माहीत आहे मला. पण तुम्ही आपलं हरवली असंच धरा. माझ्या हातातली ही चावी चालली पाहिजे, आणि दुसरी जी आहे, ती जिथे असेल तिथे असो, तिला गाडीने ओळखता कामा नये. होतं ना तसं? गाडीच्या आठवणीतून पुसता येते म्हणे. बरंय बाई गाड्यांचं. — आणि दाराचं, डिकीचं कुलूपही बदला, नवं पातं ह्याच चावीला बसवा. नुसतं बटण बंद पडून काय उपयोग, चावी खुपसून उघडेलच की. हो, गाडी माझी, माझ्याच नावावर. हे घ्या कागद, हे लायसन. फोटोतली मीच आहे, तेव्हा केस होते जरा बरे. संध्याकाळच्या आत होईल ना? उद्या पहाटे मुलाखतीला जायचंय मला, लांब. त्याच्या आत व्हायलाच हवं.

चोरी? हो, झाली ना. म्हणून तर आले. आमच्या दवाखान्याच्या पार्किंगमध्ये. मी तिथे प्रयोगशाळेत रक्त घेते — दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टी बांधायची, मूठ वळा म्हणायचं आणि शीर शोधायची. गाडी अगदी उजेडात लावली होती, कॅमेऱ्याखाली. कॅमेरा बंद होता ती गोष्ट वेगळी. काचा पूर्ण वर. सीटवर काही म्हणजे काही नाही, साधी रिकामी पिशवीसुद्धा नाही. आमच्या ह्यांची शिकवणच तशी. पिशवी दिसली की चोराला वाटतं आत काहीतरी आहे. सामान डिकीत ठेवायचं, पण घरूनच — पार्किंगमध्ये डिकी उघडून ठेवलंस म्हणजे बघणाऱ्याला तूच पत्ता दिलास. बटणाच्या आवाजावर जाऊ नकोस, हँडल ओढून बघ, हल्ली चोर बाजूला उभे राहून चावीचा सिग्नल अडवतात. घराची चावी आणि घराचा पत्ता एका गाडीत नको. पाठ आहे मला सगळं. झोपेत विचारा.

तर त्या दिवशीही मुलाखतच होती. हीच. एका मोठ्या रुग्णालयाची रक्तपेढी आहे, दुसऱ्या शहरात. तिथे मुख्य म्हणून. आठवडाभर तिकडे राहायचं आणि शनिवारी घरी. सकाळची पाळी संपवून तशीच निघणार होते. सगळी मूळ प्रमाणपत्रं निळ्या पिशवीत घालून घरूनच डिकीत ठेवली. ह्यांनी विचारलंसुद्धा, ‘ठेवलीस ना डिकीत? शाबास.’ आणि दुपारी येऊन बघते तर पिशवी नाही.

काच? कुठली काच? साधा ओरखडा नाही. तेच तर. चोराने डिकी उघडली, पिशवी घेतली आणि डिकी नीट लावून गेला. छत्री तिथेच, अगदी नवी. ह्यांचे शिवायला टाकायचे बूट तिथेच. कागद तेवढे नेले. तुम्ही इतकी वर्षं कुलपांचं काम करताय, असा चोर पाहिलाय कधी? — हसू नका.

तिथे गाड्या पुसणारी एक बाई आहे. ती म्हणाली, ‘ताई, तुमचे साहेब येऊन गेले की. त्यांनीच डिकी उघडली.’ दादा, मी तिच्यावर अशी तुटून पडले ना! म्हटलं, माझ्या नवऱ्यावर आळ घेतेस? आधी तुझी बादली दाखव. सगळ्यांदेखत. तिने आपली बादली उपडी केली. फडकी पडली आणि एक कंगवा. मग फडकी उचलून पुढच्या गाडीकडे गेली.

मग रडत रडत गाडी काढली. मागे घेतेय तर मागचं काही दिसेना. वाटलं, डोळ्यांत पाणी आहे. डोळे पुसले. तरी दिसेना. — आरसे मिटलेले होते. बाजूचे, दोन्ही. मी कधी आरसे मिटत नाही हो. एवढा कुणाला वेळ आहे? हे मिटतात. कुठेही उतरले की आधी इकडचा, मग वळसा घालून तिकडचा. येणारे-जाणारे धक्का मारतात म्हणे. पेट्रोल भरायला थांबलो तरी मिटतील. बायकोचे कागद चोरायला आला, आणि जाताना आरसे मिटून गेला! राहवलं नाही त्याला. काळजी ना गाडीची.

घरी पोचले तर त्याने पाणी दिलं. खांद्यावर हात ठेवला. ‘जाऊ दे, मुलाखती काय, येतात पुन्हा.’ पोलीस चौकीत बरोबर आला, माझ्यापेक्षा तोच जास्त बोलला. आणि रात्री इमारतीच्या ग्रुपवर हा एवढा मोठा मेसेज टाकला — ‘पार्किंगमध्ये घ्यायची काळजी’. सगळ्यांनी अंगठे दाखवले, हात जोडले. वरच्या मजल्यावरच्या आजी मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, ‘नशीबवान आहेस गं, काळजी करणारा मिळाला.’ मी वाचला तो मेसेज, नीट वाचला. सगळं होतं त्यात. दुसरी चावी कुणाकडे ठेवायची, तेवढं नव्हतं.

विचारलं का नाही? काय विचारू? म्हणेल, तुझ्या काळजीपोटी केलं. आणि खरंच तसं असेल हो, तीच तर पंचाईत आहे. चोराला निदान वस्तू हवी असते. ह्याला मी हवी आहे, घरात, नीट लावून ठेवलेली, आरसे मिटून. — पिशवी ना? सापडली. त्याच्या कपाटात, स्वेटरांच्या खाली. कागद काढून घेतले आणि तेवढीच जुनी वर्तमानपत्रं भरून पिशवी होती तिथे ठेवली. मग त्या रुग्णालयात फोन केला, हातापाया पडले, तेव्हा कुठे उद्याचं बोलावलंय. त्या गाड्या पुसणाऱ्या बाईकडेही गेले होते, माफी मागायला. ती दुसरीकडे कामाला लागली म्हणे. कुठे ते कुणाला ठाऊक नाही. तिचं नावही मला माहीत नव्हतं, विचारणार तरी कसं?

झालं? बघू. हं, सुरू झाली. काय म्हणता — जुनी आणून दाखवू? खरंच बंद पडली का बघायला? नाही दादा, ती नाही आणता येणार. पण तपासली जाईल ती, आजच. झोपायच्या आधी तो बाल्कनीत जातो, रोज, आणि वरून बटण दाबतो. खाली गाडी दिवे मिचकावते, मग ह्याला झोप लागते. आज दाबेल. पुन्हा दाबेल. हात लांब करून दाबेल, चावी शर्टाला पुसून दाबेल. मी आत पडलेली असेन, भिंतीकडे तोंड करून. आणि ही चावी माझ्या मुठीत —

असे काय बघताय? द्या इकडे. आणि हे बघा, उद्या कुणी साहेब आले, चावी अचानक चालेनाशी झाली म्हणत, तर त्यांना — नको. काही सांगू नका. व्हा बाजूला, गाडी काढू द्या मला.