न वाजणारी शेगडी

बाबा: ते सगळं छान आहे हो. पण बंद होताना ती ओरडते कशाला?

दुकानदार: ओरडत नाही काका, वाजते. पिप-पिप-पिप. वेळ एकदाच लावून ठेवायची. मग बटण फिरवलं की दर खेपेला ती आपली आपण मोजते. तुम्ही विसरलात तरी गॅस तोडते, आणि वाजून सांगते, बाबांनो, बंद केलाय. हाच तर तिचा गुण.

बाबा: गुणी माणसं गपचूप काम करतात. न वाजता बंद होणारी नाही का एखादी?

दुकानदार: वाजत नाही म्हणून शेगडी परत आणणारे खूप पाहिले. वाजते म्हणून नको म्हणणारे तुम्हीच पहिले.

लेक: अहो भाऊ, त्यांच्या नादी लागू नका. गॅस नकोच आहे आम्हाला. ती पलीकडची काळी काच दाखवा, विजेवरची.

बाबा: काच नको.

लेक: का नको?

बाबा: काचेत तोंड दिसतं. या वयात आपलंच तोंड बघत भाजी परतायची म्हणजे भाजी नासायची.

लेक: बाबा, थट्टा नको. रजा टाकून आलेय मी, ती भिंत बघायला. ओट्यामागची भिंत काळीठिक्कर, खिडकीचा पडदा अर्धा जळालेला. आणि हे काही पहिल्यांदा झालेलं नाही.

बाबा: हळू बोल. तुझी आई तिकडे कढया बघतेय.

लेक: तिला नाही ऐकू जात. वरचा पंखा बघा केवढा घरघरतोय. काल सांगितलं तेच आज सांगते. विजेची शेगडी घ्यायची. ज्वाळा नाही, पडदा पेटायला नको. ते नसेल पटत तर स्वयंपाकघराला कुलूप, आणि दोन्ही वेळचा डबा बाहेरून. तिसरा रस्ता नाही.

बाबा: तुझ्या आईच्या स्वयंपाकघराला कुलूप? त्यापेक्षा तिच्या श्वासालाच लाव ना. किल्ली लहान लागेल.

दुकानदार: काका, विजेची वाईट नसते हो. हे बघा, बोट टेकवायचं, असं सरकवायचं...

बाबा: मग धरून ठेवायचं, मग ते कुलपाचं चित्र दाबायचं, मग तिनं रुसायचं. ठाऊक आहे मला. गोल बटण कुठंय त्यात? हातानं फिरवायचं?

दुकानदार: बटण नाहीच ना काका, तीच तर गंमत आहे...

बाबा: मग गंमत तुमच्याकडेच राहू द्या.

दुकानदार: बरं, गॅसची म्हणता तर गॅसची. पण वाजण्याचं एवढं वावडं का?

लेक: नवल तेच आहे. यांचा उभा जन्म वाजवण्यात गेला. कारखान्याचा भोंगा हेच द्यायचे.

बाबा: सगळं शहर माझ्या दोरीवर उठायचं आणि माझ्या दोरीवर जेवायला बसायचं. पाळणाघरातली पोरंसुद्धा भोंग्याशिवाय रडायची नाहीत. एकदा काय झालं, एक बगळा येऊन भोंग्यात...

लेक: बाबा, बगळा नको.

दुकानदार: बगळा? मग?

लेक: विचारू नका हो! तो बगळा मी जन्मल्यापासून ऐकतेय, आणि दर खेपेला नवा. कधी भोंग्यात घरटं करतो, कधी अंडं घालतो, एकदा तर त्यानं पगारवाढ मागितली होती. तुम्ही असं करा, मोठ्या बटणांची आहे म्हणालात ना, ती आतून घेऊन या. बघून ठेवू.

दुकानदार: आणतो. काका, बगळा राहिला हं.

लेक: गेला. आता खरं सांगा. भिंत कशी काळी झाली?

बाबा: फोनवर सांगितलं की. कावळा. खिडकीतून आला, चोचीनं बटण धरलं आणि बारीक केलेला गॅस मोठा केला.

लेक: कावळा बसायला आणि फांदी तुटायला ऐकलं होतं. कावळा बसायला आणि पडदा पेटायला तुमच्याकडूनच ऐकतेय.

बाबा: हुशार जात आहे ती.

लेक: शेजारच्या मावशींना काय सांगितलंत? वीज पडली. निरभ्र आभाळातून! आणि माझ्या धाकट्या भावाला सांगितलंत, बर्नर फुटका निघाला. एका आगीच्या तीन गोष्टी?

बाबा: आग मोठी होती. एका गोष्टीत मावेना.

लेक: बाबा!

बाबा: बरं बाई. मी विसरलो. दूध ठेवलं आणि विसरलो. झालं समाधान?

लेक: तुम्ही?

बाबा: मी. म्हातारा झालोय, विसरतो.

लेक: आणि ते तळाला जळून गेलेलं पातेलं? माळ्यावर लपवलेलं?

बाबा: तेही मीच.

लेक: आणि त्याआधी गॅस नुसताच सोडलेला, जिन्यापर्यंत वास, सगळी इमारत रस्त्यावर?

बाबा: मीच गं. मीच, मीच, मीच. अंगठा देऊ का?

लेक: नको. मग तर प्रश्नच मिटला. शेगडी तुम्ही म्हणाल ती घेऊ. गॅसची, बटणांची, न वाजणारी. फक्त एक करायचं. आजपासून तुम्ही स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाही. आई एकटी बघेल सगळं. द्या वचन.

बाबा: तसं नाही जमायचं.

लेक: का?

बाबा: तिला सोबत लागते.

लेक: सोबत? जन्मात कधी चमचा उचलला नाहीत. समोर तांब्या असला तरी पाण्याला आईला हाक. आणि हल्ली कधीही फोन करावा तर तुम्ही ओट्याशी. विचारलं तर आई म्हणते, बगळा चालू आहे. द्या वचन.

बाबा: नाही देणार.

लेक: का नाही?

बाबा: भिंगरे, रेटू नकोस.

लेक: रेटणार! विसरतोही मीच म्हणता, आग मीच लावली म्हणता, आणि ओट्यापासून हलणारही नाही म्हणता. मग माझ्यापुढे एकच उरतं. आजच्या आज कुलूप, आणि दोघांनी माझ्याकडे चलायचं. आईला मी सांगते, जाऊन आत्ताच सांगते, की बाबांच्या हातून...

बाबा: थांब. मी नाही विसरत.

(इथे म्हाताऱ्यानं मनातले सगळे खिसे चाचपून पाहिले. कावळा झाला होता, वीज झाली होती, बर्नर झाला होता. एरवी ज्याच्या खिशात हत्तीसुद्धा सापडायचा, त्याला आज एक चिमणी मिळेना.)

लेक: आई?

बाबा: हळू.

लेक: आई विसरते?

बाबा: दूध ठेवते, कुंड्यांना पाणी घालायला जाते. परत येते आणि मलाच विचारते, अहो, गॅस तुम्ही लावलात? मी म्हणतो, हो, चहाची तल्लफ आली होती. रोज नाही हं. रोज नाही गं. मधले कितीतरी दिवस लख्ख असते, माझा सदरा उलटा आहे हे दारातून ओळखते. आणि मग एखादा दिवस असा येतो.

लेक: म्हणून तुम्ही तिथे उभे.

बाबा: नुसता उभा राहिलो की म्हणायची, पहारा करताय का? म्हणून गोष्ट काढली. गोष्ट सांगणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही, तू इथे का उभा आहेस.

लेक: आणि त्या दिवशी?

बाबा: न्हाव्याकडे बसलो होतो. कुणीतरी ओरडलं, तुमच्या खिडकीतून धूर. अर्धी दाढी तशीच, गळ्यात त्याचं फडकं, धावत सुटलो. पडदा ओढून मोरीत टाकला, गॅस बंद केला. ती गॅलरीत कुंडीची माती उकरत होती. म्हणाली, अहो, अर्धीच दाढी? मी म्हणालो, न्हाव्याचा वस्तरा कावळ्यानं पळवला. तिथून तो कावळा सुरू झाला बघ.

लेक: डॉक्टर?

बाबा: दाखवलंय. तिला सांगितलं, माझा गुडघा दाखवायला चाललोय. डॉक्टर भला माणूस. आधी माझा गुडघा ठोकला, मग तिच्याशी गप्पा मारत बसला. गोळ्या चालू आहेत. तिला वाटतं, शक्तीच्या आहेत.

लेक: आणि मला का नाही सांगितलंत?

बाबा: सांगितलं असतं तर काय केलं असतंस?

लेक: मी...

बाबा: कुलूप. तुला आमची काळजी आहे म्हणूनच लावलं असतंस. तेच तर भय.

लेक: पण मग काचेची का नको, बाबा? ज्वाळाच नाही तिला!

बाबा: शेजारच्या मावशींकडे आहे तसली. त्यांनी हौसेनं हिला पुढे केलं, बघा म्हणाल्या चहा करून. हिनं बोट ठेवलं. उचललं. दुसरीकडे ठेवलं. काच आपली ढिम्म. ही हसली, म्हणाली, छान आहे हो, चकचकीत. घरी आली ती दिवस मावळेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. अगं, गोल बटण तिच्या मनगटाला पाठ आहे. डोकं दगा देईल, मनगट नाही देत. त्या काचेपुढे तिला कळतं, की आपल्याला कळत नाही.

लेक: आणि वाजणं?

बाबा: तेही तेच. पिप-पिप झालं की साऱ्या घराला कळणार, आज पुन्हा विसरली. तिलाही. गुपचूप बंद झाली तर मी सांगेन काहीतरी. सिलिंडर संपत आलाय, वारा आला. माझ्याकडे गोष्टींना काय तोटा?

लेक: कुठवर पुरतील, बाबा?

बाबा: पुरतील तोवर.

दुकानदार: हं, ही घ्या! बटणं बघा, लाडवाएवढी. गॅस हीही आपोआप तोडते. आणि काका, फिटरला विचारून आलो. आत इवलीशी पिपाणी असते, तो काढून देईल. पण माझं ऐकाल तर काढू नका. वाजायची गोष्ट वाजलेली बरी.

लेक: काढा, भाऊ.

बाबा: भिंगरे?

लेक: काढू दे. हीच घेऊ. पडदा मात्र त्या खिडकीला पुन्हा लावायचा नाही. पिपाणी काढायला सांगा त्यांना.

आई: काढू नका.

बाबा: अगं! कढया बघून झाल्या?

आई: केव्हाच. तळाला टिचक्या मारत उभी होते, तुमचं संपायची वाट बघत. विसरते मी. बहिरी नाही.

लेक: आई, तू सगळं...

आई: पंखा घरघरतो म्हणे. तुझा बाप कुजबुजला तरी कारखान्यात ऐकू जायचं. आणि काय हो, शक्तीच्या गोळ्या? त्याच गोळ्या समोरच्या मास्तरांना आहेत, आणि ते स्वतःच्या दारावर टकटक करून विचारतात, मास्तर आहेत का घरात. मी काय समजायचं, मास्तर कुस्ती खेळायला निघालेत?

बाबा: म्हणजे तुला ठाऊक होतं? मग बोलली नाहीस ती?

आई: तुम्ही इतक्या मनापासून सांगत होतात. कावळा तर फार छान होता. मोडवेना.

लेक: आई, मी कुलूप म्हणाले ते...

आई: ऐकलं. ज्या ओट्यावर बसवून तुला भरवलं त्याला कुलूप. लागेलही कधीतरी. तेव्हा मला समोर बसवून सांग, बापाला कोपऱ्यात घेऊन नको. आज लावायचंय का?

लेक: नाही. आज नाही.

आई: भाऊ, जरा सरका. बटण फिरवून बघते. हं. दाबून डावीकडे, की हाताला कट्ट लागतं. बरोबर? हे चालेल.

दुकानदार: आणि पिपाणी, काकू?

आई: राहू द्या.

बाबा: अगं, वाजली की वाईट वाटेल तुला.

आई: वाटेल. नाही वाजली तर तुम्ही सिलिंडरवर ढकलाल, आणि मी खरं धरून बसेन. ते जास्त वाईट. सगळ्या शहराला भोंगा वाजवून सांगितलंत, उठा, वेळ झाली. मग माझीच वेळ काय म्हणून लपवायची?

बाबा: बरं. वाजू दे.

दुकानदार: बांधू मग?

लेक: बांधा, भाऊ. उद्या फिटर आला की मी असेन घरी.

बाबा: म्हणजे आता ओट्याशी उभं राहायचं माझं काम संपलं म्हणायचं.

आई: वा रे वा! आणि बगळा?

बाबा: तो होय. कुठवर आलो होतो गं? माझंच डोकं...

आई: भोंग्यात अडकला होता. चोच आत, पाय बाहेर. खाली पहाटेची पाळी फाटकाशी उभी, आणि तुमचा हात दोरीवर. ओढलीत का नाही, ते सांगायचं राहिलंय.