ओट्याचा जोड

अवधपुरीत ग्रॅनाइटच्या दुकानात मी ताटकळत होते. माझ्यापुढे दोन जावा आणि त्यांच्या सासूबाई. क्वार्टर सोडून बांधलेल्या घराचा स्वयंपाकाचा ओटा ठरत होता.

“जोड माझ्याच पोळपाटाखाली का, वहिनी? रोज कणीक अडकणार!”

“मग सिंकपाशी घेऊ? पाणी मुरेल, आणि पुसत बसेन मी!”

“तुम्ही? ओटा पुसता?”

“ऐकलंत ना, आई, हिचं बोलणं?”

दुकानदार मध्ये पडला, “भाभीजी, इतना लंबा पत्थर एक पीस में नहीं आता. जोड तो आएगा.”

“गॅसपाशी घ्या,” थोरली त्याला म्हणाली.

“हो, उतू गेलेलं दूध मीच खरवडते!”

“आई, आता तुम्हीच सांगा.”

“दोन स्वयंपाकघरं करा. आणि मी कुणाकडे जेवायचं, तेही इथेच ठरवा.”